मी पेज अडवली

मित्रांनो, मी एक जुनी कँडल आहे. पाण्याच्या फिल्टरमधली, पांढऱ्या मातीची. माझ्या अंगाची भोकं इतकी बारीक, की मुंगीने डोकावायचं ठरवलं तर तिलाही चष्मा लागेल. यातलं निम्मं खरं धरा.

दोन हजार तीन साली मी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसाजवळच्या एका गावात कवडूच्या घरी आले. कवडूला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी गाळून द्या, पातळ पेज द्या. त्याची बायको रुख्मा भारी काळजीची. तिने पाणी गाळलं आणि भाताची पेजही निववून माझ्यावर ओतली. खालच्या तोटीतून नितळ उतरायचं. शेजारणी माझी तारीफ करायच्या.

आता कबुली देते. पेजेत भाताच्या पिठाचे लांबलचक रेणू असतात, मण्यांच्या माळेसारखे. पाण्यात ते गुंडाळी करून निवांत वळवळत राहतात. माझ्या भोकात शिरायचं तर गुंडाळी सोडून सरळ व्हावं लागतं. एवढी मोकळीक कोण सोडेल? पातळ पेजेतले बहुतेक दारावरूनच परत फिरायचे. पेज घट्ट असली की मागची गर्दी ढकलायची. काही आत शिरायचे आणि तिथेच अडकायचे. भोकं आणखी अरुंद व्हायची.

आठ दिवस गेले. कवडूला उभं राहवेना. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीची पानं तोडायचा, हंगाम पंधरा दिवसांचा, आणि जंगलात जायला पायांत बळ नाही.

त्यांची मुलगी अल्का गोंदियाला कॉलेजात होती. ती सुटीत आली.

"माय, बाबाले काय देऊन राहिली?"

"पेज. दिवसातून चारदा."

"पेज होय काय?" खाटेवरून कवडू म्हणाला. "मले वाटलं, भाताचा गंज धुतलेलं पाणी."

"उठता येत नाही, पण जीभ चालून राहिली," रुख्मा म्हणाली.

अल्काने जखमेवर लावायचं आयोडीन काढलं. माझ्या वरच्या डब्यातल्या पेजेत थेंब टाकला. ती काळीनिळी झाली. तोटीखाली भरलेल्या पेल्यात टाकला. नुसती पिवळट झाक, म्हणजे पीठ नाहीच.

"माय, पेज वरच राहिली."

रुख्माने पेला उचलून उजेडात धरला. "आठ दिवस मी यायले पाणीच पाजलं?"

"शुद्ध होतं पण," कवडू म्हणाला.

त्या दिवसापासून पेज थेट वाटीत गेली. हंगामाचे शेवटचे चार दिवस कवडू काठी टेकत जंगलात गेला. मला रुख्माने ब्रशने घासलं, पण खोलवर अडकलेले रेणू निघाले नाहीत. अल्का आता शिक्षिका आहे, आणि मी तिच्या शाळेतल्या कपाटात आहे.

मित्रांनो, मला घासत जा आणि माझ्यावर पाणीच ओता. आणि गाळलेलं काही आजाऱ्याच्या हाती देण्याआधी, वर काय राहिलं तेही एकदा झाकण उघडून पाहत जा.