कार्डातली पहिली फाइल

धनराजचं दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली होती, पण दुकानातली माणसं अजून त्याच्या काळ्या हार्डडिस्कमध्ये राहत होती.

मालेगावच्या एसटी स्टँडसमोर मोबाइलच्या मेमरी कार्डात पिक्चर भरून द्यायचं दुकान होतं ते. दिवाळी झाली की तांड्यातांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघायची, आणि गाडीत बसण्याआधी त्याच्याकडून कार्ड भरून घ्यायची. सहा महिन्यांची शिदोरीच म्हणा ना. कोणाचं कार्ड हरवायचं, कोणाचं पाटात पडायचं, म्हणून धनराजनं प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर ठेवला होता. हेमसिंगला नुसती हाणामारी लागायची. रंजीताला रडायचे पिक्चर, पण शेवट गोड पाहिजे. नाहीतर परत येऊन भांडायची.

आता उज्ज्वला, त्याची लेक, अमरावतीहून चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. तिनं जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला होता. घरातल्या टीव्हीवर बटण दाबलं की सगळे पिक्चर पोस्टरसकट दिसणार. फक्त एक अट होती. प्रत्येक पिक्चरचा स्वतंत्र फोल्डर, त्यावर नाव आणि साल.

"बाबा, हा एकच पिक्चर एकोणीस जागी हाय! काहून?"

"एकोणीस जनायनं मांगला होता म्हनून."

"मंग एक ठेवते अन् अठरा उडवते."

"उडव बापा. पन कोनाचा उडवून राह्यली ते सांगत जाय."

ती नावं घ्यायची आणि धनराज डोळे मिटून एकेकाचा चेहरा पाहायचा. मोहनसिंग. रूपा. कारंज्याहून सासर सोडून आलेली अंजू. त्याची बायको चंदाबाई स्वयंपाकघरातून ओरडली, "पुरन वाटाले घेतलं मी. महाराज बाराले येतीन. तुमचं कीर्तन तयार हाय ना?"

त्या कीर्तनासाठीच आजचा दिवस होता. खेमा महाराजांचं कीर्तन म्हणजे अख्खा तांडा हसत हसत रडायचा. दोन हजार दहाच्या सप्ताहात धनराजनं स्वतःच्या कॅमेऱ्यानं ते शूट केलं होतं. मूळ कॅसेट पुढे बुरशीनं खाल्ली, डिस्कमधल्या प्रती तेवढ्या उरल्या. मागच्या वर्षी महाराजांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तेव्हापासून महाराज कुठल्या कीर्तनाला जात नव्हते. गावात टाळ वाजले की दार लावून घ्यायचे. मागच्या आठवड्यात धनराज त्यांच्या पाया पडून म्हणाला होता, "रविवारी जेवाले या महाराज. तुमचंच कीर्तन तुमाले ऐकवतो." महाराजांनी खाली पाहतच होकाराची मान हलवली.

"उज्ज्वला, कोनाचाही फोल्डर उघड अन् शून्य-एक लाव," धनराज म्हणाला.

उज्ज्वलाचा हात थांबला. "शून्य-एक?"

"हो. त्या साध्या फोनवर मराठी नावं दिसत नोहती. नंबर टाकाचे अन् फोन तसाच एकापाठी एक वाजवे. पयला नंबर मी कीर्तनाले दिला होता. देवाचं नाव घेतल्याबिगर पिक्चर कसा सुरू कराचा? सगळ्यायच्या कार्डात शून्य-एक म्हंजे खेमा महाराज."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा... मले वाटलं ते दुकानाची जाहिरात हाय. सगळीकडं सारखीच साइज. मी काल सगळे शून्य-एक एकदम उडवले. अन् त्या जागेवर नवे पिक्चर भरले, आता ते परत नाई येनार."

धनराज उठून खिडकीशी गेला. अकरा वाजून गेले होते. पुरणाचा वास येत होता आणि त्याला त्या वासाचीही भीती वाटायला लागली. ज्या माणसाचा आवाज देवानं एकदा नेला, त्याला घरी बोलावून आपण तो दुसऱ्यांदा नेला की काय?

"सगळे?" शेवटी त्यानं विचारलं.

"एक सोडून. एका शून्य-एकची साइज येगळी होती, म्हनून ठेवला."

"येगळी?" धनराज गर्रकन वळला. "तो गॅरेजवाल्या सैफुद्दीनभाईचा! त्याच्या कार्डात पयली नात, म्हंजे त्यायचं भक्तीचं गानं, टाकली होती म्या. त्याचा देव पयला त्याच्या कार्डात."

"मंग त्यात कीर्तन कुठून येनार?"

"अवं, तोच भांडला ना! गॅरेजातून धावत आला. म्हने, धनराजभाई, सब को महाराज दिया, मेरे को काहून नाही? मीबी मंडपाच्या मांगं बसून ऐकलं हाय. जागा नोहती, तं एक पिक्चर काढाले लावला त्यानं. शेवटचा नंबर पाय!"

उज्ज्वलानं फोल्डर उघडला. सत्तावीस फाइली. सत्ताविसावी दाबली.

टीव्हीवर मंडप उभा राहिला. चित्र धूसर, पण आवाज खणखणीत.

महाराज बाराला आले. काठी दाराशी ठेवली आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून बसले. पडद्यावर पंधरा वर्षांमागचे खेमा महाराज कंबरेला उपरणं बांधून उभे होते. त्यांनी नारदाची एक गंमत सांगितली, मंडप हसला, चंदाबाई पदर तोंडाला लावून हसली. मागं मात्र हूं की चूं नाही. धनराजला वळून बघायची हिंमत होईना.

पडद्यावरच्या महाराजांनी हात वर केला. "बोला, रामकृष्ण हरी!"

मंडप गर्जला. महाराजांनी कानाला हात लावला, डोळे बारीक केले. "मांगच्यायचा आवाज नाई आला! जेवाले तं पुढं पळता!"

आणि मागून टाळी आली. एक, मग दुसरी, मग लय धरून. धनराज वळला. खेमा महाराज गदागदा हलत होते. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी गालांवर, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. ओठ हलत होते, रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी.

जेवताना धनराजनं महाराजांना शून्य-एकची सगळी गोष्ट सांगितली. जेवणं झाल्यावर उज्ज्वला कॉम्प्युटरशी बसली. "बाबा, ह्याच्या फोल्डरले नाव काय देऊ? नाव अन् साल पायजे."

धनराजनं सुपारी कातरत महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी बोटानं हवेत एक वाटोळं काढलं, आणि पुढं एक उभी रेघ.