अंगात मुरलेला धूर

मित्रांनो, जरा जवळ या. माझ्या पाठीला नाक लावून बघा. धुराचा वास येतो का? नाही ना? मग बसा, सांगते. मी तपकिरी चामड्याची एक जुनी आरामखुर्ची. वडशाजवळच्या एका गावात, धानाच्या पोत्यांशेजारी उभी आहे. माझ्या अंगातला धूर निघावा म्हणून एका घरानं किती आटापिटा केला, त्याची ही गोष्ट.

माझं चामडं कुठल्या जनावराचं होतं, मला ठाऊक नाही. शिवून झाल्यावर कारागिरानं पाठीवर थाप मारली, एवढं आठवतं. तिथून मी ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, एका साहेबांच्या क्वार्टरमध्ये आले. साहेब कामावरून आले की माझ्यात रेलत, पाय पसरत आणि सिगारेट पेटवत. पाहुणे म्हणत, वा, काय खुर्ची आहे! मी फुलून जाई. पण चामडं म्हणजे कातडीच, मित्रांनो. तिला बारीक बारीक छिद्रं असतात. एकेक झुरका त्यांतून आत शिरला आणि गादीच्या तळाशी जाऊन बसला. बाहेरून मी चकाकत होते. आत धूर मुरत होता.

साहेब निवृत्त झाले. सामान विकायला निघालं. तेव्हा तिथल्या कामगारांची बस चालवणारा प्रफुल मला बघायला आला. गावाकडे त्याची आई होती, रुखमाबाई. आडवी झाली की तिचा श्वास कोंडायचा. डॉक्टर म्हणाले होते, यांना टेकून बसवूनच झोपवा. घरात टेकायला होती फक्त भिंत. प्रफुलनं मला दाबून पाहिलं, मागे रेलून पाहिलं. हुंगून पाहिलं नाही; त्या दिवशी त्याला जबर पडसं होतं.

गावात उतरवल्यावर रुखमाबाई हौसेनं बसली, डोकं टेकलं, आणि खोकल्याची अशी उबळ आली की सुनेनं, दिव्यानीनं, तिला धरून उठवलं.

"काय गा प्रफुल," दम परतल्यावर म्हातारी हसली, "जलमभर एक बिडी नाई ओढली म्या. आता हे खुर्सी मले बिडी पाजून राह्यली का?"

सगळे हसले. प्रफुल नाही हसला.

बिडी ओढली नाही, हे खरं. पण धूर तिनंही गिळला होता. आधी चुलीचा, मग लोकांचं धान उकडायच्या भट्टीचा. भट्टीपुढे बसून ती गुणगुणायची, ते गाणं अजून तिच्या ओठांवर होतं:

चुलीच्या धुरामंदी डोळ्याले आलं पानी,
लेकराले वाटे माय रडे मनोमनी.

म्हणजे आमच्या दोघींच्या अंगात धूरच होता. माझा वास यायचा. तिचा खोकला.

मला बाहेर सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, ठेवलं. शेजारची नीलाबाई आली, कमरेवर हात ठेवून माझ्याभोवती फिरली. "दुसऱ्याच्या घरची वस्तू अशीच घरात घेतली तुमी? राळेची धुरी नाई दिली? वास काऊन नाई येईन मंग!"

या भागात वाईट वास घालवायचा तो चांगल्या धुरानं. बाळंतिणीची खोली असो, कोंबड्यांचं खुराडं असो, राळ टाकली की झालं, असा त्यांचा भरवसा. दिव्यानी धान कापायला गेली होती. नीलाबाईनं खापरात गोवरीचे निखारे आणले, मूठभर राळ टाकली आणि खापर माझ्याखाली सरकवलं. मायेनंच केलं हो तिनं. पण वारा फिरला. पांढरा लोट सपरीतून घरात गेला, भिंतीला टेकलेल्या रुखमाबाईपर्यंत.

त्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. माझ्या अंगात आता सिगारेट होती आणि वर राळही.

ती परतली तेव्हा नीलाबाई दारातच रडू लागली. "म्या मारलंच असतं वो तुले."

"तुयाच्यानं होते का मले मारनं?" रुखमाबाई धापा टाकत म्हणाली. "भाजी तर धड शिजवता येत नाई तुले."

प्रफुल मात्र मला उचलायलाच आला. "फेकून देतो नाल्यात."

"राहू दे गा," माय म्हणाली. "तिच्यात धूर भरला तर तिचा काय गुन्हा? माह्यात भरला तं मले फेकशीन का?"

मग दिव्यानीनं पदर खोचला. मोबाइलवर पाहून ती शिकत गेली. गादीची चेन उघडून आतला फोम काढला. तो कुबट निघाला, तो बदलला. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, फडकं घट्ट पिळून, मला रेघ न् रेघ पुसलं. उन्हात नाही ठेवलं, चामडं तडकतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवलं. संध्याकाळी खायचा सोडा भुरभुरायचा, सकाळी कोरड्या कापडानं झटकायचा. कातडी कोरडी पडली तेव्हा बुटाच्या दुकानातून बिनवासाचं मलम आणून बोटांनी जिरवलं. आणि चुलीतले विझलेले कोळसे बांबूच्या टोपलीत भरून माझ्याखाली ठेवले. कोळसा धुराच्याच घरचा. त्यानंच माझा धूर पिऊन घेतला.

धान घरात आलं, थंडी पडली, गावोगाव नाटकं करणाऱ्या मंडळ्यांच्या गाड्या रस्त्यानं जाऊ लागल्या. एका सकाळी नीलाबाईला हुंगायला बोलावलं. तिनं पाठ हुंगली, हात हुंगले, खाली वाकून पाय हुंगले.

"नाई वो. कायीच नाई."

रुखमाबाई बसली. डोकं टेकलं. आम्ही सगळे वाट बघत राहिलो, खोकला येतो का. आला तो घोरण्याचा आवाज. प्रफुल अंगणात गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं पडू लागेपर्यंत ती माझ्यातच झोपली. मग एका पहाटे तिचा श्वास हलका झाला, आणखी हलका झाला, आणि परतलाच नाही. मी तिला धरून होते. माझ्या अंगातला धूर पुसून निघाला, मित्रांनो. तिच्या छातीतला पुसायला फडकं कुठून आणायचं?

तेराव्यानंतर कुणी म्हणालं, जिच्यात माणसाचा जीव गेला ती खुर्ची घरात ठेवत नाहीत. मला नाल्यात टाकायला निघालेला प्रफुलच आडवा आला. "मायची जागा आहे ते," एवढंच म्हणाला.

दिव्यानी अजून मला पुसते. फक्त जिथं म्हातारीचं डोकं टेकायचं, तिथं फडकं थांबतं. तिथं तिच्या केसांच्या तेलाचा वास आहे. प्रफुल सुटीवर आला की कुणी नसताना तिथं नाक लावतो.

मी तो घट्ट धरून ठेवते. पण काय सांगू? नको होता तो वास इतकी वर्षं हलला नाही. हवा आहे तो रोज थोडा थोडा उडून चालला आहे.

म्हणून मागणं एवढंच. घरात कुणी चुलीपुढे खोकत असेल, तर आज खिडकी उघडा. शेजारी कुणी झुरका ओढत असेल, तर त्याला हात धरून अंगणात न्या. खुर्ची जुनी मिळते, पुसून नवी होते. तिच्यात बसणारी माय आपल्याला एकच असते.