एतेरीची पिवळी योर्दासलामी

आमच्या लागोदेखी गावाच्या जंगलात योर्दासलामी या रानरोपाची पिवळी फुलं येतात. पूर्वी लोक ती मुळासकट खणून अंगणात लावायचे आणि दोन वर्षांत ती मरायची. माझ्या सासूबाईंनी, एतेरींनी, मात्र ठरवलं, की आपण बियांपासूनच वाढवायची. जंगलाचा राखणदार झुराब याच्याकडून रीतसर परवानगी काढून त्यांनी मूठभर बिया आणल्या. लाल बिया पोचट, त्या फेकल्या. काळ्याभोर तेवढ्या पेरल्या.

पहिल्या वसंतात काहीच उगवलं नाही. शेजारचे बेझान काका कुंपणावर रेलून म्हणाले, "वहिनी, मातीला पाणी घालताय, मातीच उगवेल."

"आधी मूळ जातं खाली, पान पुढच्या वर्षी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या द्राक्षांकडे बघा."

पुढच्या वर्षी खरंच पानं आली. एकेका रोपाला एकेक पान.

तिसऱ्या शरदात आम्ही सगळे द्राक्षतोडणीला गेलो होतो. परत आलो तर बेझान काकांची डुकरीण वाफ्यात. सगळा वाफा उकरलेला, मुळं इकडेतिकडे विखुरलेली. मला तर रडूच आलं. "आई, संपलं सगळं," मी म्हटलं.

"काय संपलं? पानं तशीही वाळायला आली होती." त्या गुडघे टेकून बसल्या आणि करंगळीएवढं एकेक मूळ वेचून ओल्या पोत्यावर ठेवू लागल्या. "मुळं हलवायला हीच वेळ बरोबर. नाहीतरी वाफा दाट झाला होता. तू खड्डे घे, एक वीतभर अंतर ठेव."

अंधार पडायच्या आत एकतीस मुळं परत मातीत गेली. दुसऱ्या दिवशी काका चेस्टनटच्या फळ्या घेऊन आले आणि त्यांनी वाफ्याभोवती कुंपण घातलं. सासूबाईंनी त्यांना जेवायला बसवून घेतलं.

सातव्या वर्षी एप्रिलअखेर अठरा फुलं आली. लोण्यासारखा फिका पिवळा रंग, आत केशरांचा झुबका. झुराब बघायला आला आणि फुलांपाशी उकिडवा बसला. दरड कोसळून जंगलातल्या वरच्या उतारावरची योर्दासलामी गेली होती. "काकी, तिकडे लावायला बिया द्याल?" त्याने विचारलं.

"देईन. पण पेरायला मी स्वतः येणार. तुम्ही लोक खोल पुरता."

ऑगस्टात शेंगा उकलल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी त्या काठी टेकत तो उतार चढल्या, मी पिशवी घेऊन मागे. दोनशे बिया त्यांनी हाताने पेरल्या.

घरी आलो तर बेझान काका फाटकात उभे होते. त्यांना एक रोप हवं होतं.

"रोप नाही, बिया देते," सासूबाईंनी दहा काळ्या बिया त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "सात वर्षं लागतील."

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे मी ब्याऐंशीचा होईन."

"मग उभे काय राहिलात? जा, पेरा."