गेरूचे गोल

मी एक जुना कुंचला आहे, भिंतीला चुना लावायचा, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती लपवून मी माझं कौतुक तुम्हाला ऐकवलं असतं तर चाललं नसतं का? चाललं असतं. पण लपवालपवीचा मला आता कंटाळा आला आहे. अठ्ठावीस वर्षं तेच केलं.

जुन्या भोपाळात एका म्हातारीने मला बांधलं. मुंज गवत भिजवून, ठेचून, सुतळीने बांबूच्या दांड्यावर आवळलं. तिच्या हाताला जोर होता. त्याच आठवड्यात केशवने मला विकत घेतलं. केशव तेव्हा इंद्रपुरीच्या मागच्या एका सरकारी शाळेत नवा शिपाई लागला होता. त्याचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. केशव घरी मराठी बोलतो, पण मला इथल्या हिंदीत म्हणतो कूची, तेही बाईमाणूस असल्यासारखं. मुख्याध्यापिका सुमन पागनीस मॅडम मला कुंचला म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देतो. माझे केस आतापर्यंत नऊदा बदलले. दांडा मात्र तोच आहे, आणि अक्कल दांड्यातच असते असं माझं ठाम मत आहे.

शाळेत एक रीत होती. कुणी साहेब तपासणीला येणार अशी चिठ्ठी आली की मॅडम पहिलं वाक्य बोलायच्या, "केशव, कुंचला काढ." मग दोन दिवस मी आणि केशव. रात्रभर भिजवलेला चुना, त्यात थोडी नीळ, थोडा डिंक. भेगांत आधी सिमेंट भरायचं, वरून मी दोन हात फिरायचो. साहेब यायचे, भिंतीकडे बघायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "वा मॅडम, शाळा कशी लखलखते आहे." मॅडमचा चेहरा खुलायचा. मीही बादलीत ऐटीत उभा असायचो. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

मॅडम वाईट नव्हत्या हो. ग्वाल्हेरच्या शिक्षकाच्या घरातल्या. पाहुणा येणार तर फाटकी चादर बदलायची, एवढंच त्यांना ठाऊक. शाळेच्या भिंतीलाही त्यांनी तोच नियम लावला.

आता तिसऱ्या खोलीचं सांगतो. तिथे पहिलीचा वर्ग बसायचा. छताच्या तुळईला खिडकीच्या बाजूने एक भेग होती. पहिल्या वर्षी ती केसाएवढी होती. मग सुतळीएवढी झाली. शेवटच्या काही वर्षांत केशवचं बोट आत जायला लागलं. तो शिडीवर चढून ती भरायचा आणि पुटपुटायचा, "जेवढी भरतो तेवढी वाढून राहिली ही." एकदा त्याने मॅडमना सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, "आधी तपासणी होऊ दे केशव, मग बघू." तपासणी झाली की पुढची तपासणी यायची.

दोन वर्षांपूर्वी केशवची नात मधुरा पहिलीत आली. बसायची कुठे? खिडकीजवळ, त्याच तुळईखाली. केशव भेग भरून खाली उतरला की तिची चटई हाताने झटकायचा.

मग जिल्ह्याच्या कचेरीने ठरवलं की जुन्या शाळा एकेक करून पाडायच्या आणि नव्या बांधायच्या. एकशे चाळीस शाळा जुन्या होत्या. पैसे त्या वर्षी बारा शाळांपुरतेच होते. मग आधी कोणाची बांधायची? घरात तीन पोरं आजारी पडली तर आई कोणाकडे आधी बघते? ज्याला ताप जास्त त्याच्याकडे. तसंच इथे. मागच्या तीन वर्षांचे तपासणीचे कागद बघायचे, एकदा शाळेत येऊन बघायचं, आणि जी सगळ्यांत मोडकळीला आली असेल तिचं नाव सगळ्यांत वर.

आमच्याकडे इंजिनिअर आली सुरुची डोंगरे. तरुण मुलगी, स्कूटीवरून आली, एका दिवसात पाच शाळा बघायच्या म्हणून घाईत. आणि चिठ्ठी आधी आली होती, त्यामुळे आम्ही काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. पांढरीशुभ्र शाळा बघून ती म्हणाली, "मॅडम, एकदम मस्त ठेवली आहे हो. बाकी ठिकाणी तर बादल्या लावून ठेवल्यात." मॅडम हसल्या. मीही मनात हसलो.

महिन्याभराने यादी आली. आमची शाळा सत्त्याण्णवावी होती. मंडीदीपच्या रस्त्यावरची एक शाळा, जिथल्या सरांनी गळक्या छताखालच्या बादल्यासुद्धा उचलल्या नव्हत्या, ती चौथी. मॅडम जरा नाराज झाल्या, मग म्हणाल्या, "आपली चांगली आहे म्हणूनच ना."

पुढच्या शनिवारी दुपारी शाळा सुटली. केशव झाडू घेऊन तिसऱ्या खोलीकडे गेला आणि दारातच थांबला. तुळईचा एक ढलपा खाली पडला होता, परातीएवढा. केशवने भरलेलं, मी रंगवलेलं सिमेंट त्याला तसंच चिकटलेलं होतं. तो पडला होता खिडकीजवळच्या चटईवर. वर गंजलेले गज दिसत होते.

केशवने तो ढलपा पोत्यात गुंडाळला, दोन्ही हातांनी उचलला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. "मधुराच्या चटईवर होता," तो म्हणाला. "घंटा दहा मिनिटं उशिरा झाली असती तर?" मॅडमनी ढलप्याला चिकटलेला चुना नखाने खरवडून पाहिला. माझं म्हणाल तर कोपऱ्यातल्या बादलीत मला इतकी लाज वाटली की गवताची काडी न् काडी आखडली.

सोमवारी पहिलीचा वर्ग प्रार्थनेच्या शेडमध्ये हलवला. मॅडम कचेरीत गेल्या. तिथल्या बाबूने तीन वर्षांचे कागद समोर ठेवले. प्रत्येकावर एकच ओळ होती, इमारत सुस्थितीत आहे. खाली सही सुमन पागनीस. हरकत घ्यायला अजून सात दिवस होते. पुन्हा तपासणी करता येईल, बाबू म्हणाला, पण मग आधीच्या सह्यांचा खुलासा तुम्हाला द्यावा लागेल. नोटीस निघेल. मॅडमच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. आजवर एकही डाग नव्हता.

तुम्ही काय केलं असतं? मॅडमनी तिथेच उभ्या राहून हरकतीचा अर्ज लिहिला.

शाळेत परत येऊन त्या म्हणाल्या, "केशव, कुंचला काढ." मला वाटलं, झालं, परत तेच. केशवही दचकला. पण त्यांनी चुना मागितलाच नाही. गेरू मागितला, लाल. "प्रत्येक भेग तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तूच भरल्या आहेस. सगळ्या उघड्या कर." मग केशवने खरवडायला सुरुवात केली. पांढऱ्या चुन्याचे पापुद्रे पडायला लागले, वर्षावर्षाचे थर. केशव एकही भेग विसरला नव्हता. ही पोरांच्या हात धुण्याच्या नळामागची, ही जिन्याखालची, ही मोठ्या भूकंपाच्या बातम्या आल्या त्या वर्षाची. मॅडमनी पदर खोचला, मला हातात घेतलं आणि एकेक भेगेभोवती गेरूचा गोल काढला. बाजूला वर्ष लिहिलं. मुख्याध्यापिकेने मला हातात धरायची ती पहिलीच वेळ. सत्तेचाळीस गोल झाले. शाळेला देवी आल्यासारखं दिसत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

सुरुची आली आणि फाटकातच थांबली. "मॅडम, हे काय? महिन्यापूर्वी तर..."

"महिन्यापूर्वी तुला जे दाखवलं तो चुना होता," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे. तीन वर्षं मी सह्या केल्या. तू आता जे दिसतंय ते लिही. आणि हेही लिही की आधीचं मी लपवलं होतं."

सुरुची थोडी ओशाळली. "मीही हातोडी मारून बघायला पाहिजे होतं," ती म्हणाली. या वेळी तिने घाई केली नाही. हातोडीने प्रत्येक गोल ठोकून पाहिला. तिसऱ्या खोलीत तर भिंत मडक्यासारखी वाजली. तिने त्याच दिवशी त्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं.

नवी यादी आली. आमची शाळा नववी होती. त्याच पाकिटात मॅडमची नोटीसही होती. मॅडमनी आधी यादी वाचून दाखवली, केशवला पेढे आणायला पाठवलं, आणि मगच नोटिशीचं उत्तर लिहायला बसल्या. उत्तर दोन ओळींचं होतं, कारण सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद लागली, ती लागलीच.

दोन वर्षांत शाळा उभी राहिली. दुमजली, रुंद जिना, वर्गात भरपूर उजेड. रंग रोलरने लावला. मला कुणी विचारलंही नाही, आणि खोटं बोलत नाही, थोडं लागलं मनाला. त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. नवे मुख्याध्यापक गिरीश आपटे सर सामानाची यादी वाचत होते. कपाटं, खुर्च्या, नकाशे, आणि शेवटी, "जुना कुंचला, एक. हा कशाला मॅडम? फेकून देऊ."

"फेकू नका," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याबरोबर गेरूचा डबाही सरांच्या हातात दिला. "साहेब येणार असले की हा काढायचा. जिथे भेग असेल तिथे गोल काढायचा आणि वर्ष लिहायचं. चुना मात्र घ्यायचा नाही."

परवाच जिन्याखाली केसाएवढी एक रेघ दिसली. सरांनी केशवला हाक मारली, केशवने मला गेरूत बुडवलं. मधुरा आता तिसरीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, नवी भिंत आहे, खराब कशाला करता?"

"खराब होऊ नये म्हणून," केशव म्हणाला आणि वर्ष तिच्याकडूनच लिहवून घेतलं.

तर मित्रांनो, भिंत बोलत नाही, ती फुटते. तुमच्या वर्गात बसल्या बसल्या एकदा वर बघा. भेग दिसली तर खडूने तिच्याभोवती गोल काढा आणि आपल्या बाईंना सांगा. भिंत खराब केली म्हणून बाई रागावल्या, तर माझं नाव सांगा.