आईंना काय सांगायचं

चिमणी गेली तेव्हा तिची आई उशाशीच बसली होती. लेकीचा हात तिच्याच हातात होता, आणि डोळेही तिनेच मिटवले. त्यामुळे काही महिन्यांनी एका सकाळी आई जिना उतरून दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, चिमणी कुठे गेली? आज उठवलं नाही तिने मला," तेव्हा चिमणीच्या नवऱ्याची हातोडी हवेतच थांबली.

तो जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवून द्यायचा. गल्लीत सगळे त्याला खुर्चीवाला म्हणत. खाली दुकान, वर दोन खोल्या. चिमणी हे नाव आईंनी ठेवलेलं, कारण जन्मल्यापासून पोरीच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. सासरे वारल्यावर चिमणीनेच हट्टाने आईला इकडे आणलं होतं. आता लेक नव्हती. उरले होते जावई आणि सासू, आणि दोघांच्या मधली जागा.

पहिल्यांदा त्याने खरं ते सांगितलं. "आई, चिमणी वारली." आई मटकन खाली बसल्या. "मला कुणी कळवलं कसं नाही?" म्हणत कपाळ बडवून घेऊ लागल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचं रडणं थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि चिमणी पुन्हा नव्याने मेली.

डॉक्टर म्हणाले, हा विसर वाढतच जाणार. काहीतरी सांगून वेळ मारून न्या.

मग तो म्हणू लागला, "बाजारात गेलीय, येईल." त्याने तर जास्तच घोळ झाला. आई दारात खुर्ची टाकून बसू लागल्या. ताट वाढलं तर म्हणायच्या, "चिमणी आली की बसू जेवायला." अन्न गार व्हायचं, दिवस मावळायचा, आणि आईंची नजर रस्त्यावरून हलायची नाही. त्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत काम करणं त्याला जड जायला लागलं.

एका रविवारी चर्चमध्ये उपासनेत सगळ्या मंडळीबरोबर तो उभा होता. मेलेले उठतील यावर आमचा विश्वास आहे, असं सगळे एका सुरात म्हणत होते. लहानपणापासून तो हे पाढ्यांसारखं म्हणत आला होता. पाठ होतं म्हणून कधी नीट ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी जीभ मध्येच अडली. त्याला काही उजेडबिजेड दिसला नाही. मनात एवढंच आलं, की हे एक तर खरं आहे, नाहीतर नाही. आणि खरं असेल, तर आईंना काय सांगायचं ते उघड आहे.

दुसऱ्या दिवशी आईंनी विचारलं तेव्हा तो हातातलं काम ठेवून त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

"चिमणी देवाघरी गेली, आई. ती वारली. पण ती आपल्या आधी गेलीय एवढंच. आपल्याला मागून जायचंय. भेटणार आहे ती."

आईंचे डोळे भरले. बराच वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाताना जेवली होती का?"

"नाही. शेवटी घास उतरत नव्हता तिला."

"तिथे देतील ना काही?"

"देतील."

"मग आपण जेवून घेऊ," आई म्हणाल्या.

दिवसातून कितीदा तरी हे असं चालायचं. आईंना दर वेळी ते नवं होतं. त्याचं दुःख मात्र जुनं व्हायला तयार नव्हतं.

मधे मेहुणा आईला भेटायला आला. दोन जेवणांच्या मधे त्याने हे सगळं ऐकलं आणि खुर्चीवाल्याला खाली दुकानात नेलं.

"भाऊजी, लहान पोरासारखं फसवता काय तिला?"

"फसवत नाही."

"ताई मेली. माती लोटलीय मी माझ्या हाताने."

"मीही लोटलीय. ती मेली हे मी रोज सांगतो आईंना. पुढचंही सांगतो. ते खोटं असेल, तर दर रविवारी उभा राहून मी खोटं बोलतो. तूही बोलतोस."

मेहुण्याने हळूच विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?"

"सकाळी असते. दुपारपर्यंत टिकत नाही. आईंनी विचारलं की पुन्हा गोळा करावी लागते."

"मी तिला माझ्याकडे नेतो. लोक म्हणतात, बायकोच राहिली नाही, मग सासू कशाला सांभाळतो हा."

खुर्चीवाल्याने नकारार्थी मान हलवली. "चिमणी भेटली की पहिलं विचारेल, माझ्या आईला कुठे सोडून आलास? मला तिला तोंड दाखवायचंय रे."

मेहुणा एकटाच परत गेला. निघताना आईच्या पाया पडला आणि तिथेच डोकं टेकून बराच वेळ तसाच राहिला.

नंतर एका दुपारी आई गिऱ्हाइकाच्या नव्याने मढवलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्चीवाला खाली बसून दुसऱ्या खुर्चीचं जुनं कापड उसवत होता. आईंनी त्याच्याकडे पाहिलं. नजर एकदम स्वच्छ होती, पूर्वीची.

"जावईबापू, चिमणी मेली ना? माझ्या हातात गेली."

"हो, आई."

"तुम्ही रडलात का?"

औषधं, स्वयंपाक, आईंची अंघोळ, गिऱ्हाइकं. मधे रडायला जागाच झाली नव्हती. आई उठल्या, गुडघ्यांवर हात टेकत त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडा. उठणार आहे म्हणून काय झालं? आज नाहीये ना ती."

तो हमसून हमसून रडला. कुणी गिऱ्हाईक दारापर्यंत आलं आणि पाय न वाजवता मागे फिरलं. आईंनी त्याला उगी म्हटलं नाही. त्यांचाही पदर भिजला होता.

मग त्या म्हणाल्या, "मला तिच्याकडे घेऊन चला."

दुकान बंद करून दोघं कबरस्थानात गेली. कबरेवर गवत माजलं होतं. आई फतकल मारून बसल्या आणि एकेक काडी उपटू लागल्या. "आईच्या आधी जातात का गं? एवढी कसली घाई?" असं पुटपुटत होत्या. गवत निघाल्यावर मातीवरून त्यांनी तळहात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. खुर्चीवाला बाजूला उभा राहून प्रार्थना करायला गेला. शब्द आलेच नाहीत. तो नुसता उभा राहिला.

परतताना आई दमल्या. फाटकापाशी बाकावर दोघं बसली. आईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, अदबीने.

"तुम्ही कोण, बाबा?"

"तुमचा जावई."

"म्हणजे मला मुलगी आहे?"

समोरच्या रस्त्यावरून माणसं आपापल्या कामाने चालली होती.

"आहे," तो म्हणाला.

"दिसायला कशी आहे?"

"तुमच्यासारखी."

आई चक्क लाजल्या. मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि दोघं हळूहळू घराकडे निघाली.