माझ्या कपाळी ‘विनंती थांबा’

मित्रांनो, मी बसथांब्याची जुनी पाटी आहे. माझ्या कपाळी ‘विनंती थांबा’ असे लिहिले आहे. म्हणजे कोणी हात दाखवला तरच बस थांबणार, नाहीतर धुरळा उडवत निघून जाणार. मला रंग दिला तेव्हा वाटले होते, आपल्याला एखादा मोठा चौक मिळेल. मिळाली ही कालव्यापलीकडची वस्ती. शहरात जायला एकच पूल आणि तासाला एकच बस, पुलावरून येऊन माझ्यासमोर वळसा घेऊन परत शहरात जाणारी.

तरी दिवस मजेत गेले, खोटे कशाला बोलू? शाळेची मुले, कामगार, बाजाराला निघालेल्या मावश्या माझ्या खांबाला टेकून उभ्या राहत. मग रस्ता रुंद करायचा म्हणून माझ्या डोक्यावरचे छप्पर काढून नेले. रस्ता काही रुंद झाला नाही. छप्परही परत आले नाही.

उन्हात कोण उभे राहणार? माणसे समोरच्या इस्त्रीवाल्याच्या पत्र्याखाली बसू लागली. पुलावर बस दिसली की इस्त्रीवाला हातातले काम टाकून रस्त्यावर येई आणि हात दाखवी. त्याची मुलगी पलीकडच्या इस्पितळात परिचारिका होती. तिची दुपारी एकची बस त्याने कधी चुकू दिली नव्हती.

एके दिवशी एकच्या सुमारास बस कचेरीतला कारकून प्रवासी मोजायला आला. तोही सावलीत बसला, तिथल्याच माठातले पाणी प्यायला आणि त्याने लिहिले, ‘थांब्यावर प्रवासी: शून्य.’

“अहो साहेब, ही नऊ माणसं काय इस्त्री करून घ्यायला बसलीत?” इस्त्रीवाला म्हणाला.

“फॉर्मात थांब्यावर उभे असलेले एवढंच विचारलंय. मी काय करू?”

झाले, सगळे त्या कागदाभोवती गोळा होऊन हुज्जत घालू लागले. तेवढ्यात पुलावरून बस आली. मला ती दिसत होती, पण मित्रांनो, पाटीला हात नसतात. माझ्यापाशी कोणी दिसेना, तेव्हा चालक न थांबता वळसा घेऊन निघून गेला.

“बघा, बससुद्धा थांबली नाही,” असे म्हणून कारकुनाने तेही लिहून घेतले.

पुढच्या महिन्यापासून बस पुलाच्या पलीकडूनच परत फिरू लागली. नऊ जणांनी सह्या करून अर्ज दिला. उत्तर आले, मागणी नाही. असा राग आला म्हणून सांगू!

इस्पितळापर्यंत पायी पाऊण तास लागे. मुलीला कामावर सारखा उशीर होऊ लागला, बोलणी बसू लागली. शेवटी तिने पलीकडे खोली घेतली.

“बाबा, तुमची काही चूक नाही,” ती निघताना म्हणाली.

“हात दाखवायचा माझाच राहिला गं,” एवढेच तो बोलला.

तिच्यामागून आणखी काही घरे गेली. आता माझ्या पाठीवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ असे कागद चिकटवतात. सुट्टीच्या दिवशी मुलगी येते. दुपारी तिला पोचवायला निघताना बापलेक सवयीने क्षणभर थांबतात, भर उन्हात, अगदी माझ्यापाशी. मोजायला मात्र कोणी नसते.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही माणसे मोजायला निघालात, तर सावलीतलीही मोजा, आणि ती सावलीत का बसली तेही विचारा. एवढी विनंती करते. माझ्या कपाळी तेवढेच तर लिहिले आहे.