समोरून येणाऱ्याला एक बोट

"दाब की ते बटण, वहिनी. चावणार आहे का ते तुला?"

मारुसियानं पुन्हा सांगितलं आणि स्टेफ्कानं पुन्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट, पाठ ताठ, नजर समोर. गाडी अंगणातच उभी होती, इंजिनही बंद होतं, तरी तिच्या कपाळावर घाम आला होता. ऑक्टोबरातल्या बोटं आखडून टाकणाऱ्या सकाळी घाम यायला माणसाला तसंच कारण लागतं.

"वायपर सांग, लावते. काचेवरची वाफ घालवायला सांग, घालवते," ती म्हणाली. "हे नको."

"अगं, परीक्षेत विचारतात. गाडी हलवायच्या आधी ती बाई एकेक विचारणार. दिवे कुठले, हॉर्न कुठला, हे बटण कुठलं. तिथं 'हे नको' म्हणालीस तर ती म्हणेल, बरं बाई, मग घरी जा."

मारुसिया ही स्टेफ्काची नणंद. तिनं जन्मभर शाळेची बस चालवली, आणि तिच्या जिभेपुढे बसमधली वांड पोरंसुद्धा मुकाट बसायची. पण आज तिनंही जास्त ताणलं नाही. त्या बटणाचं काय आहे ते तिला ठाऊक होतं. गेलेला माणूस तिचा सख्खा भाऊ होता.

गाडी ओरेस्टची, स्टेफ्काच्या नवऱ्याची. कॅनडातल्या डोलिनासारख्या गावात लोक दूध आणायलाही मोठा ट्रक काढतात. तिथं त्यानं ही मुठीएवढी हिरवी गाडी आणली तेव्हा गाव पोट धरधरून हसलं. माणूस ताडमाड, गाडी ही एवढीशी. आत बसला की गुडघे हनुवटीला लागायचे. गावानं गाडीचं नाव बेडूक ठेवलं. "मला ओढायचंय काय? बायको आणि बटाटे," ओरेस्ट म्हणायचा. "दोन्ही मावतात."

गेल्या वर्षीच्या मार्चात ब्रॅडवुडहून येताना त्याच्या छातीत कळ आली. हा माणूस असा, की मरतानाही त्यानं शिस्त सोडली नाही. इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागच्यापुढच्याला दिसावं म्हणून त्रिकोणाचं बटण दाबून चारही दिवे लुकलुकत ठेवले. मग हात स्टिअरिंगवर ठेवून बसला, तो बसलाच.

रस्त्यानं गाड्या जात होत्या. पण परतणाऱ्या हंसांचे थवे बघायला ओरेस्ट अधूनमधून असा थांबायचा, त्यामुळे थांबलेल्या बेडकाचं कुणाला नवल वाटलं नाही. समोरून गावातलाच नेस्टर ट्रक घेऊन आला. आता या गव्हाच्या मुलुखात एक रीत आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळख असो, नसो, कालच बांधावरून भांडण झालेलं असो. अख्खा हात हलवणं हे शहरवाल्यांचं काम. इथं एक बोट, बस. नेस्टरनं बोट उचललं. ओरेस्टनं उचललं नाही.

"काय बिनसलं याचं माझ्याशी?" असं म्हणत नेस्टर चिडून पुढे गेला. थोडं पुढे गेल्यावर त्याला चैन पडेना, तेव्हा तो वळला.

स्टेफ्काला कुणीतरी तिथं आणलं तोवर ओरेस्टला घेऊन गेले होते. रस्त्याच्या कडेला रिकामी गाडी तेवढी उभी होती. तिचे दिवे लुकलुकत होते आणि उघड्या दारातून टिक टिक, टिक टिक ऐकू येत होतं. बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिलाही सुचलं नाही. ती नुसती ऐकत उभी राहिली. शेवटी मारुसियानं आत वाकून बटण दाबलं.

तेव्हापासून ती टिकटिक घरात येऊन राहिली. नळ गळायला लागला की ती. खिडकीच्या काचेवर गारा टपटपल्या की ती. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल तर स्टेफ्कानं काढूनच टाकला. घड्याळ भिंतीवर तसंच आहे, वेळ चुलीवरच्या भांड्यांवरून कळते.

गाडी शिकायची हौस तिला कधीच नव्हती. पण गावातलं दुकान बंद झालं, मग बसही बंद झाली. डॉक्टर, औषधं, किराणा सगळं ब्रॅडवुडला. कॅलगरीहून मुलाचा, रोमनचा, फोन आला की ठरलेली टकळी. "मम्मा, बर्फ पडायच्या आत लायसन्स मिळालं तर राहा तिथं. नाहीतर घर विकू, इकडे ये. खालच्या मजल्यावर तुझी खोली केलीय." खालचा मजला म्हणजे तळघर. खिडकी एवढीशी, तीही गवताच्या बुंध्यांशी. मुलगा वाईट नव्हता. पण स्टेफ्काला आपली चूल, आपले बीटाचे वाफे आणि गावच्या सभागृहात शनिवारी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळताना चालणाऱ्या बायकांच्या कुचाळक्या सोडून जायचं नव्हतं. त्यातून इथल्या मातीत ओरेस्ट होता. आता शिकाऊ परवाना झाला, दोनदा परीक्षा नापास झाली, आणि गुरुवारची परीक्षा या थंडीआधीची शेवटची.

"चल, राहू दे ते बटण," मारुसिया म्हणाली. "आधी सीट पुढे घे. ब्रेकवर पाय पुरा पोचत नाही तुझा. पाठीला उशा लावून कुणी गाडी चालवतं का? दोन्ही वेळा त्यापायीच नापास झालीस."

"ती त्याची जागा आहे गं."

"त्याचे पाय होते बगळ्यासारखे. तुझे आहेत का?"

स्टेफ्कानं खाली हात घालून दांडा ओढला. सीट खर्रकन पुढे सरकली आणि खालून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं बाहेर आली. गाडीत टरफलं टाकू नका म्हणून ती त्याच्याशी जन्मभर भांडली होती. मारुसियानं ती ओंजळीत गोळा केली, काच खाली केली आणि बाहेर टाकायच्या ऐवजी कोटाच्या खिशात घातली.

मग स्टेफ्कानं आरसे आपल्या उंचीला लावले, पट्टा बांधला आणि दोघी रस्त्याला लागल्या. समोरून येणारे हिरवी गाडी बघून सवयीनं बोट उचलायचे, मग काचेतून स्टेफ्काचा चेहरा दिसला की ते बोट वाळल्यासारखं खाली यायचं. कुणी कुणी डोक्यावरची टोपीच सारखी करायचा. स्टेफ्काचे हात स्टिअरिंगवरून निघत नसत, म्हणून तिच्या वतीनं मारुसियाच शेजारच्या सीटवरून बोट उचलायची.

"परीक्षेत मात्र हे काही नाही हं," ती म्हणाली. "दोन्ही हात चाकावर. बाई लांबच्या शहरातून येते, तिला काय कळणार आपलं बोट. समोरून देव आला तरी उचलायचं नाही."

"नेस्टर आला तर?"

नेस्टर हल्ली घरी येत नव्हता. उन्हाळ्यात त्यानं न सांगता अंगणातलं गवत कापून ठेवलं, लाकडं फोडून ठेवली, पण स्टेफ्का दारात आली की तो ट्रकमध्ये बसून निघून जायचा. सभागृहातही भिंतीकडे बघत जेवायचा.

"नेस्टर तुझ्याकडे बघतो कुठे," मारुसिया म्हणाली.

गुरुवारी सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. ब्रॅडवुडला परीक्षा घेणारी बाई निघाली स्टेफ्काच्या मुलाच्या वयाची. नाव जोडी, गळ्यात लोकरीचा रुमाल, चेहरा निर्विकार. मारुसियाला तिनं कचेरीतच बसवून ठेवलं. मग एकेक विचारलं. स्टेफ्कानं दिवे दाखवले, हॉर्न वाजवला, मागच्या काचेवरची वाफ घालवून दाखवली.

"आणि गाडी बंद पडली, रस्त्यात थांबावं लागलं तर?"

"हे बटण," स्टेफ्का म्हणाली, आणि तिनं ते लांबूनच दाखवलं. जोडीनं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं.

"ठीक. निघा."

गावातलं सगळं झकास पार पडलं. चौकात थांबली, मान वळवून बघितलं, शाळेपाशी वेग कमी केला. जोडी म्हणाली, आता हमरस्त्यावर घ्या. स्टेफ्कानं घेतली. दोन्ही बाजूला कापणी झालेली शेतं, मागे सूर्य, आणि रस्ता असा सरळ की वळण कशाला म्हणतात ते विसरावं. ब्रेकवर पाय पुरा टेकत होता. आपल्याला येतंय, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

समोरून धान्याचा लाल ट्रक आला. नेस्टरचाच. काचेमागे त्याची टोपी दिसली आणि स्टिअरिंगवरून एक बोट वर आलं.

स्टेफ्काचा हात शिवशिवला. पण तळघराची खिडकी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिनं दोन्ही हात तसेच ठेवले आणि ट्रक बाजूनं निघून गेला.

मग आरशात तिला ट्रकचे मागचे दिवे लाल झालेले दिसले. ट्रक एका शेताच्या तोंडाशी आत शिरला, मागे आला आणि वळला.

"हा मागचा ट्रक एवढा जवळ का येतोय?" थोड्या वेळानं जोडी म्हणाली. "दिवे का मारतोय? ओळखीचा आहे?"

"हो," स्टेफ्का म्हणाली. "मला थांबावं लागेल. नापास करायचं तर करा."

तिनं इंडिकेटर दिला, खांद्यावरून मागे बघितलं, गाडी हळूहळू कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. मग तिचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. ओरेस्टचा हात असाच वर गेला असेल. छातीत कळ असताना त्यानं तो उचलला असेल, कुणीतरी मागून येऊन धडकू नये म्हणून. स्टेफ्कानं बटण दाबलं.

टिक टिक, टिक टिक.

नेस्टर धावत आला. सत्तरीचा माणूस, धाप लागलेला, कोटाची बटणं उघडी. त्यानं काचेवर दोन्ही हात टेकले आणि आत वाकून पाहिलं. स्टेफ्कानं काच खाली केली. त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"तू बोट उचललं नाहीस," तो म्हणाला.

"परीक्षा चाललीय रे माझी."

"माझ्या काचेवर ऊन होतं. कोण बसलंय दिसलंच नाही. नुसती गाडी दिसली, आणि बोट…" त्यानं टोपी काढली आणि हातात चुरगाळली. "त्या दिवशी मी चिडलो गं त्याच्यावर. रागानं पुढे गेलो. लगेच वळलो असतो तर, स्टेफ्का… लगेच वळलो असतो तर."

दीड वर्षं हा माणूस न बोलता लाकडं फोडत होता तो यापायी, हे तिला आता कळलं.

"आज वळलास ना लगेच," ती म्हणाली.

"आज काय उपयोग?"

"नेस्टर, इकडे बघ. त्यानं गाडी कडेला घेतली होती. ब्रेक ओढला होता, दिवे लावले होते. तू पहिल्यांदा गेलास तेव्हाच त्याचं सगळं आवरून झालं होतं. राग त्याला कळलासुद्धा नाही. शनिवारी जेवायला ये. आणि भिंतीकडे बघून जेवायचं नाही. माझ्या पिरोग्यांचा अपमान होतो."

नेस्टरनं बाहीनं नाक पुसलं. मग त्याला शेजारी बसलेली जोडी दिसली. "माफ करा हं, बाई," तो म्हणाला. "ही चांगली चालवते." आणि तो पाय ओढत ट्रककडे गेला.

आत टिकटिक चालूच होती.

"बोटाचं काय ते?" जोडीनं हळूच विचारलं.

स्टेफ्कानं सांगितलं. बोटाचं, ओरेस्टचं, बटणाचं, सगळं. रडली नाही. सांगून झाल्यावर तिनं बटण दाबलं आणि टिकटिक बंद झाली. तिनं कान देऊन ऐकलं. खरंच बंद झाली होती.

"पुढच्या रस्त्याला वळून परत घ्या," जोडी म्हणाली.

परत येताना लाल ट्रक अजून तिथंच कडेला उभा होता. नेस्टर आत बसला होता, हातावर डोकं ठेवून. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. स्टेफ्कानं उजव्या हाताचं एक बोट उचललं. नेस्टरनंही उचललं.

जोडीनं खाली बघून कागदावर काहीतरी खूण केली.

"दोन्ही हात चाकावर पाहिजेत," कचेरीपाशी गाडी लावल्यावर ती म्हणाली. "त्याचा एक गुण गेला. बाकी पास आहात. थांबलात ते सगळ्यात छान थांबलात."

मारुसियाला ब्रॅडवुडला कामं होती. निदान तसं ती म्हणाली. "मी येईन कुणाबरोबर तरी. तू जा एकटी," असं बजावून तिनं तोंड फिरवलं आणि खिशातला रुमाल शोधायला लागली. खिशातून आधी टरफलं निघाली.

स्टेफ्का एकटीच डोलिनाला निघाली. दुपार झाली होती. ओरेस्ट थांबला होता ती जागा आली तेव्हा तिनं वेग थोडा कमी केला. तिथं काही नव्हतं. कडेचं पिवळं गवत होतं, कुंपणाची तार होती, आणि वर दक्षिणेला निघालेले हंस ओरडत होते. बघायला ती थांबली नाही. घरी जाऊन घड्याळात सेल घालायचा होता.

समोरून एक मोठी चंदेरी गाडी आली. परप्रांताची नंबरपाटी, टपावर सामान. स्टेफ्कानं बोट उचललं. त्या गाडीतून कुणी उचललं नाही.

बाहेरचे लोक, त्यांना काय माहीत, असं ती स्वतःशी म्हणाली. तरी तिनं आरशात पाहिलं. ती गाडी लहान लहान होत टेकाडापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा आरशात बघत राहिली. गाडी सरळ चालली होती.